सुई टोचली की रबर बांधा म्हणे!

गेल्या शनिवारी रात्री माझी मावशी पंचवटीतून आमच्याकडे आली ती बोट पदरात लपवून. एका खासगी दवाखान्यात ती साफसफाईला आहे. तिथे तिला सगळेच मावशी म्हणतात, माझी मात्र ती सख्खी. बोट उघडून बघितलं तर पेरावर रबराचा निळसर वळ आणि टोक पांढरंफटक, सोललेलं. सकाळी अकराला कचऱ्याची लाल पिशवी उचलताना आतली सुई घुसली होती. मग बाईंनी मोबाइलवर आलेले उपाय केले.

"सुई टोचली? घाबरू नका, हे 5 उपाय करा" हा मेसेज त्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी रोज लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. वाचून डोकंच फिरलं.

पहिला उपाय: वरती रबर घट्ट बांधा, रक्त पिळून काढा, नाही निघालं तर चोखून थुंका. हे काय सापाचं विष आहे? आणि साप चावल्यावरसुद्धा हे करायचं नसतं! पिळल्याने सुईवरच्या रक्तातला विषाणू बाहेर येत नाही, उलट आजूबाजूचं मांस दुखावतं. चोखलं की बोटातलं तोंडात. एड्स नियंत्रणाचं काम बघणाऱ्या 'नाको'च्या सूचनांत हे सरळ लिहिलंय: बोट तोंडात घालू नका, पिळू नका, ब्लीच, स्पिरिट, आयोडीन काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, बस्स.

दुसरा उपाय: बोट दहा मिनिटं हायपोत, म्हणजे जंतू मारायच्या ब्लीचच्या पाण्यात बुडवा. मावशीचं टोक सोललं ते यानेच. वर मलाच विचारते, "फरशीवर रक्त सांडलं की हायपोच टाकतो ना आपण?" अगं, फरशीला कातडी नसते!

तिसरा: ग्लोव्हजवर ग्लोव्हज घातले की काळजी नाही. ग्लोव्हजमधून जाताना सुईवरचं थोडं रक्त पुसलं जातं, एवढं मान्य. पण सुई आत जातेच. मुळात ती लाल पिशवीत आली कशी? सुयांची जागा पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. तिकडे कुणी बोट दाखवत नाही.

चौथा: सुईवरचं रक्त वाळलं की जंतू मेले. एचआयव्ही उघड्यावर फार तग धरत नाही, हे बरंचसं खरं. सुई टोचून त्याची लागण होण्याचा धोकाही साधारण हजारात 3. पण हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू? वाळलेल्या रक्तात तो 7 दिवस टिकू शकतो आणि लस न घेतलेल्याला शंभरात 6 ते 30 इतका धोका. मावशीने लस घेतलीच नव्हती. "ती नर्सबाईंना असते, आम्हाला कुठली?" जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. प्रत्येकाला म्हणजे झाडूवाल्या मावशीलाही.

आणि पाचवा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले: वर कुणाला सांगू नका, नोकरी जाईल. यातली भीती खोटी नाही. कंत्राटी बाईला आधी बोलणी बसतात, सुई टाकणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणूनच हा सल्ला सगळ्यात वाईट. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो 2 तासांत सुरू करायची असतात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. गप्प बसून दोन दिवस घालवले तर मग काय? बरं, हा मेसेज मावशीला पाठवला कुणी, तर तिच्या सुपरवायझरने!

त्याच रात्री आम्ही त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला गेलो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती वाजता टोचली?" मावशीने माझ्याकडे बघितलं. साडेदहा तास होऊन गेले होते. सुई कोणत्या पेशंटची हे कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. 28 दिवस, एकही न चुकवता. हिपॅटायटिसच्या लशीचा पहिला डोसही दिला. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तारखा मी तिच्या घरी कॅलेंडरवर लिहून आले, आणि तो मेसेज तिच्या हातानेच डिलीट करायला लावला.