मनःशांतीसाठी रविवार कसा घालवावा

वर्तमानात जगायचं असेल तर आधी सुट्टीवर पाणी सोडा. आमच्या ऑफिसनं गेल्या रविवारी सकाळी आठ ते दहा सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं, शिबिर ठेवलं. ऐच्छिक होतं. हजेरीपत्रक तेवढं दारातच होतं.

श्वासाकडे लक्ष द्या. त्यासाठी संध्याकाळी सहाला आमच्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभे राहा. श्वास आणि धूळ वेगवेगळी ओळखता येऊ लागली की तुमची प्रगती झाली.

खाताना फक्त खा. पुण्याहून आलेल्या सरांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला आणि पाच मिनिटं चघळायला सांगितलं. सोलापूरकराला सावकाश चावायला शिकवताय? कडक भाकरी बेसावधपणे खाल्ली तर दात हातात येतो हो.

मोबाइल बंद ठेवा. साहेबांनी सोडून.

मनात येईल ते नुसतं पाहा, बरं-वाईट ठरवू नका. याचा मला फार उपयोग झाला. आमच्याकडे नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी. उजनीहून शंभरावर किलोमीटर येतं बिचारं, वेळ कुठली पाळणार! ते नेमकं रविवारी साडेआठला आलं. घरी आई एकटी, मोटर सुरू होईना, माझा फोन टोपलीत जमा. सर म्हणाले, "विचार आला की ढगासारखा जाऊ द्या." जाऊ दिला. पाणीपण गेलं. बॅरल अर्धं, आईची कंबर धरलेली, आणि माझ्या हातात प्रमाणपत्र. एकाग्रता शिकवायला या गावात माणसं नव्हती? मागावर हजारो धाग्यांतला एक तुटला तर कामगाराला तो दिसावा लागतो. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी; पानावरची नजर हलली की विडी बाद. आठ तास त्या धुरळ्यात बसून जे लक्ष देतात, त्यांच्या गळ्यात घातला कुणी हार?

बास झालं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत ही सजगता शिकवायला सुरुवात केली ती जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी, आणि आज तो कार्यक्रम आठ आठवड्यांचा असतो. इगतपुरीच्या विपश्यनेला दहा दिवस द्यावे लागतात, फी नाही. त्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. साहेब, तुम्ही दोन तासांत उरकलंत आणि त्याच रात्री साडेअकराला ग्रुपवर 'रिपोर्ट कुठंय?' टाकलंत. दहा कामं एकाच्याच अंगावर टाकायची आणि वर त्यालाच सांगायचं, तुझं मन चंचल आहे. लाज वाटत नाही?

आणि ऑफिसातल्या दोस्तांनो, तुम्ही बे? शेवटी फोटोत अंगठे वर करून उभे राहिलात. फॉर्मवर झाडून सगळ्यांनी 'अतिउत्तम' लिहिलंत. एकानं तरी तोंड उघडून विचारायचं ना, सोडून गेलेल्या दोघांच्या जागा कधी भरताय म्हणून.