हिंगाच्या वासाचं शिलिंग

आज सकाळी लंडनहून भाचीने फोटो पाठवला. तिथल्या जुन्या बाजारात बाईसाहेबांना काय दिसावं, तर शिलिंग, म्हणजे तिथलं जुनं बारा पेन्सचं नाणं, टाकून चालणारं गॅसचं मीटर. घासूनपुसून, पितळ लखलखीत करून, डोक्यावर बल्ब बसवून त्याचा टेबललॅम्प केलाय. किंमत ८५ पौंड. खाली मेसेज: "मावशी, किती क्यूट! तुझ्या लहानपणीचं ना?"

चहा निवला माझा.

हो गं बाई, माझ्याच लहानपणीचं. १९५२ साली आम्ही बोटीने लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरलो तेव्हा मी सहा वर्षांची. उत्तर लंडनमधल्या एका घरात दुसऱ्या मजल्यावर एक खोली, कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि शेगडीशेजारी हे क्यूट यंत्र. खाचेत शिलिंग सरकवायचं, खटका पिळायचा, आत ठण्ण वाजलं की गॅस सुरू. शिलिंग संपलं की बंद. तुमचा भात शिजलाय की नाही याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. आणि हवं शिलिंगच. सहा-सहा पेन्सची दोन नाणी हातात असली तरी उपयोग शून्य. म्हणून आई मिळेल ते शिलिंग बाजूला टाकायची, हिंगाच्या रिकाम्या डबीत. आमच्या घरातल्या शिलिंगांना हिंगाचा वास यायचा.

"आमच्या वेळचं इंग्लंड" छापाचे फोटो हल्ली रोज कुणी ना कुणी फिरवतं. दारातल्या दुधाच्या बाटल्या, धगधगणारा कोळसा, पत्र्याचा टब, मोकळ्या जागेत हुंदडणारी पोरं. अहो, ती मोकळी जागा म्हणजे बॉम्ब पडून गेलेलं कुणाचं तरी घर! मीही खेळलेय तिथे. एकच भिंत उभी होती. तिच्यावर वर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, गुलाबाच्या फुलांचा वॉलपेपर लोंबत होता आणि शेकोटीची चौकट नुसती हवेत. ती शेकोटी कुणाची, ते लोक कुठे गेले, कुणीच विचारायचं नाही. आम्ही खाली लपंडाव खेळायचो.

आणि थंडी! खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी, तीही आतल्या बाजूने. संडास मागच्या अंगणात, कागद म्हणजे खिळ्याला अडकवलेले वर्तमानपत्राचे तुकडे. याला रोमँटिक म्हणणाऱ्याने एकदा जानेवारीत रात्री दोन वाजता जाऊन यावं.

लढाई जिंकून सात वर्षं झाली तरी रेशन चालूच होतं. माझं कूपनांचं पुस्तक निळं, आई-अण्णांचं बदामी. आम्ही शाकाहारी, म्हणून मटणाच्या बदल्यात जास्तीचं चीज मिळे. आईला त्या चीजचा वास सोसायचा नाही, घरमालकिणीला आमच्या हिंगाचा. फोडणीला ऑलिव्ह ऑइल, ते केमिस्टकडे छोट्या बाटलीत मिळायचं, कान दुखला तर घालायला. केमिस्टला वाटत असणार, या कुटुंबाचे कान बारा महिने दुखतात.

तर ती रात्र. डिसेंबर १९५२, ५ ते ९ तारखेचं ते काळं-पिवळं धुकं. धुकं कसलं, कोळशाचा धूरच. हजारो माणसं गेली त्यात. आधी कंडक्टर हातात टेंभा घेऊन बसपुढे चालत होते, मग बसगाड्याच थांबल्या. अण्णांचा पत्ता नाही. खिरीसाठी मिळतो तो जाडा तांदूळ शेगडीवर, आणि ज्योत निळ्याची पिवळी झाली, टुकटुकली, गेली. डबी रिकामी. पर्समध्ये दहा पेन्स. शिलिंगाचे बारा.

आई खाली गेली, मी तिच्या पदराला धरून. घरमालकिणीने आधी दहा पेन्स मोजून घेतले, मग किल्लीने एक डबा उघडून शिलिंग दिलं आणि वहीत दोन पेन्स मांडून ठेवले. जिन्यात आईने ते शिलिंग नाकाशी नेलं आणि अंधारात हसायलाच लागली. आमचंच होतं! मीटरचा गल्ला बाईच उपसायची, दरही बाईच लावायची. तेच नाणं आमच्याकडून जायचं, तिच्याकडून परत विकत घ्यायचं. महिनोन्‌महिने. करा आता त्याचा लॅम्प!

शनिवारी तिने दोन पेन्स वसूलही केले.

बरं, विधवा होती. नवरा लढाईत गेलेला, दोन पोरं, खोल्यांच्या भाड्यावर घर. मान्य. शेजारच्या गल्लीत खिडक्याखिडक्यांत "काळ्यांना जागा नाही" अशा पाट्या असताना तिने आम्हाला ठेवून घेतलं, हेही मान्य. शाळेत रोज फुकट दुधाची बाटली मिळायची आणि माझे टॉन्सिल्स एक पैसा न घेता काढले, तेही लिहून टाकते, नाहीतर कॉमेंटमध्ये आमचे लंडनकर सांगायला येतीलच.

अण्णा त्या रात्री अकराला आले. भिंती, कुंपणं चाचपत तीन मैल चालत. रुमाल काळा, नाकपुड्या काळ्या. आईने अर्धा कच्चा, अर्धा करपलेला भात वाढला. त्यांनी चीज किसून घातलं आणि सगळा संपवला. आई त्यांना शिलिंगाची गोष्ट सांगत होती. तिला इतकं हसताना मी त्या खोलीत फार वेळा पाहिलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन उठलं. दुकानांपुढे ही रांग. त्या संध्याकाळी जिन्यात घरमालकिणीने माझ्या मुठीत कागदाची पुडी कोंबली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या. बोलली काही नाही, दार लावून घेतलं. मी पुडी आईला दाखवली, तर आई म्हणाली, "किती पेन्सच्या असतील गं?"

भाचीला मघाशी लिहिलं, घेऊ नकोस, पैसे काही झाडाला लागत नाहीत. तिने पडलेल्या तोंडाचा इमोजी पाठवला. मग राहवलं नाही. पुन्हा लिहिलं: दुकानदाराला विचार, नाण्यांचा गल्ला अजून उघडतो का. उघडला तर जरा वास घेऊन बघ.