इशारा आला की यांना चेव येतो!

चक्रीवादळाचा इशारा आला रे आला, की लोक मोबाईल घेऊन किनाऱ्यावर हजर! मागचं वादळ दिशा बदलून गेलं, म्हणून ‘हवामान खात्याचं काय खरं असतं’ हे पालुपद वर. अरे, अंदाज म्हणजे शक्यता, भविष्यवाणी नव्हे! जेमतेम ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी ओढून नेऊ शकतं, ६० सेंटिमीटरला तर मोठ्या गाड्याही जातात. तरी हे बॅरिकेड सारून गाडी घालणारच. का, तर ‘आपली गाडी उंच आहे’! आणि घरात? टॉर्चमधले सेल गळून हिरवे झालेले, पॉवर बँक रिकामी, महत्त्वाची कागदपत्रं नेमकी सगळ्यात खालच्या खणात. पाणी उंबऱ्याला लागलं की बोंब, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही!’ मग तो मेसेज न वाचता पुसला कुणी, शेजाऱ्यांनी?