पंधरा वर्षे झालेली छोटी गाडी भंगारातच जाते का?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. पंधरा वर्षे झालेली गाडी कायद्याने भंगारात द्यावी लागते, लाखभर किलोमीटर झाले की इंजिन संपते, आपल्याकडे बर्फ पडत नसल्यामुळे कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधे पाणी चालते आणि खाडीकाठच्या हवेत पत्रा कुजणारच, तेव्हा जुन्या गाडीवर खर्च करू नका, असे त्यात म्हटले आहे. कोपरखैरण्यात मी 2008 सालची वॅगन-आर आजही वापरतो. हा संदेश वाचून ओळखीच्या एका कुटुंबाने चांगली चालणारी गाडी मातीमोल भावाने विकली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कायद्याचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 नुसार खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी करून घेतली की ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी एमएच 04 असो की एमएच 43, नियम हाच. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले आणि त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे खर्च वाढला आहे, पण बंदी आलेली नाही. पंधरा वर्षे जुन्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली उचलून धरला, तो दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता होता. 1 एप्रिल 2023 पासून नोंदणी वाढवणे बंद झाले ते सरकारी वाहनांचे. या दोन बातम्यांची सरमिसळ करून संदेश तयार झालेला दिसतो.

लाख किलोमीटरच्या दाव्याला फार वेळ द्यायला नको. इंजिनाची अवस्था कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून, ऑइल किती जळते ते पाहून आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो का यावरून ठरते. माझ्या गाडीसारख्या जुन्या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा, असतो. तो वेळेवर बदलला नाही तर इंजिन साठ हजारांवरही बंद पडू शकते.

सर्वांत घातक दावा पाण्याचा आहे, आणि त्याचे नुकसान मी स्वतः सोसले आहे. एका गॅरेजने माझ्या गाडीत नळाचे पाणी भरले आणि "आपल्याकडे लागत नाही" म्हणून थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. दोन वर्षांनी, मे महिन्यात, गायमुख घाटाच्या कोंडीत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या मेकॅनिकने रेडिएटरचे झाकण उघडले, तेव्हा आत उकळलेल्या चहाच्या रंगाचे पाणी होते आणि बोट फिरवल्यावर बोटाला गंजाचा चिखल लागला. वॉटर पंपाची पाती झिजून निम्मी झाली होती, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सीलबंद पट्टी) उडाली होती आणि हेड फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यावे लागले. कूलंट गोठण्यापासून वाचवते हे खरे, पण आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते त्यातले गंजरोधक रसायन, जे लोखंडी जलमार्ग आणि अॅल्युमिनिअमचे हेड दोन्ही सांभाळते. शिवाय त्याने उत्कलनबिंदू वाढतो. थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन लवकर योग्य तापमानाला येत नाही आणि पेट्रोल जास्त जाते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावे आणि मुदतीत बदलावे. काढलेले कूलंट मात्र रस्त्यावर ओतू नये. ते गोड लागते, भटकी कुत्री ते पितात आणि मरतात.

गंजाचा दावा अर्धा खरा आहे. दमट, खारी हवा पत्रा खाते, पण सुरुवात बहुधा साचलेल्या पाण्यापासून होते. दरवाज्यांच्या तळाशी आणि पुढच्या काचेखालच्या जाळीत पाणी वाहून जाण्याची भोके असतात, ती पानांच्या गाळाने बुजतात. मी मे महिन्याच्या शेवटी ती बारीक तारेने मोकळी करतो आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहतो. ओल लागली तर तो बाहेर काढून वाळवल्याशिवाय परत घालत नाही.

गाडी विकण्याची वेळ कधी येते, हेही सांगायला हवे. दरवाज्याखालच्या पट्टीवर किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेले असते तिथल्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर तो आत गेला, तर वरून पट्ट्या मारून भागवू नये. माझ्या गाडीत एअरबॅगही नाहीत आणि ती उणीव कोणतीही दुरुस्ती भरून काढत नाही. म्हणून घरच्यांना घेऊन द्रुतगती मार्गाने पुण्याला जायचे असेल तेव्हा मी ही गाडी काढत नाही.