‘सावर’, उसन्या चाली आणि शाळकरी पोरींचे कान

नमस्कार काका (‘सर-बिर नको, काका म्हणा’ असं तुम्हीच लिहिलंत),

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चिडून लिहिलेली आहे. दोन्ही आवडलं. अमेरिकन गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या ‘सावर’ (Sour) या पहिल्या अल्बमवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चाली चोरलेल्या, सगळं एकाच प्रेमभंगाचं रडगाणं, समीक्षक कंपनीने हाताशी धरलेले आणि ऐकणाऱ्या कोण, तर शाळकरी पोरी. वर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम काढला त्या नाशकात बसून मी हे असलं लिहिते!

समीक्षकांचं आधी उरकते. ‘सावर’ आला २१ मे २०२१ रोजी. त्याआधी जानेवारीतच त्यातलं ‘ड्रायव्हर्स लायसन्स’ हे गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं आणि आठ आठवडे तिथून हललं नाही. म्हणजे पोरींनी निकाल आधीच लावला होता, अल्बमची परीक्षणं मागाहून आली. पुढे २०२२ मध्ये तीन ग्रॅमी मिळाले, पण वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा जॉन बटिस्टला गेला. हाताशीच धरायचं होतं तर कंपनीने तो कशाला सोडला असता?

आता चोरी. इथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. एका गाण्यात टेलर स्विफ्टच्या गाण्याचा आधार घेतलाय आणि तिचं नाव पहिल्यापासून आहे. ‘देजा वू’वर मात्र स्विफ्ट आणि तिच्या साथीदारांची नावं अल्बम आल्यानंतर चढली, ‘गुड फॉर यू’वर पॅरामोर या रॉक बँडच्या दोघांची. बोभाटा झाल्यावर दिलेलं श्रेय वकिलाने सांगितल्यावर दिल्यासारखं दिसतं, दिसणारच. पण उसनं घेणं आणि चोरणं एक नव्हे. ‘ब्रूटल’मधली गिटार ब्रिटिश रॉक गायक एल्विस कॉस्टेलोच्या जुन्या गाण्यावरून उचलली अशी ओरड झाली, तेव्हा खुद्द कॉस्टेलोनेच सांगितलं की आपली हरकत नाही, रॉक अँड रोल असंच चालतं. आपण स्वतः बॉब डिलन आणि चक बेरीकडून काय घेतलं, तेही त्याने सुचवून टाकलं.

आणि आपल्याकडे काय वेगळं होतं? संगीत नाटकाचं जुनं पुस्तक काढून बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापलेले दिसतील. १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ढंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांवरून चाली बांधल्या. त्यांना आपण चोर म्हणत नाही, डोक्यावर घेतो. मला रॉड्रिगोबद्दल तक्रार करायची तर एवढीच, की तो ‘चाल’चा शिरस्ता तिच्या लोकांनी पहिल्या दिवसापासून सगळीकडे पाळायला हवा होता.

एकच रडगाणं म्हणता, तर ‘ब्रूटल’ वयावर वैतागलेलं आहे, ‘जेलसी, जेलसी’ फोनवर दुसऱ्यांची आयुष्यं बघून होणाऱ्या जळफळाटावर, आणि शेवटचं ‘होप यू आर ओके’ घरच्यांनी नाकारलेल्या जुन्या ओळखीच्यांवर. मला विचाराल तर हे शेवटचं गाणं जरा बाळबोधच झालंय. पण प्रेमभंगाचं नक्की नाही.

तुमचा खरा राग मात्र ऐकणाऱ्यांवर आहे, असं मला वाटतं. कॉलेज रोडवर क्लास सुटल्यावर एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून चालणाऱ्या दोघीजणींना गाण्यातलं कळतं, हे मान्य करायचं नाही आपल्याला. त्यांना कळतं की लायसन्स मिळाल्याचा आनंद ज्याला सांगायचा तोच राहिला नाही. त्यासाठी रागदारी लागत नाही.

आणि पलुस्करांचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या आश्रयावर, संस्थानिकांच्या नव्हे. गाणं दरबारातून उचलून साध्या घरांतल्या मुलामुलींपर्यंत नेणाऱ्या माणसाचा दाखला देऊन तुम्ही पोरींच्या कानांना हलकं ठरवताय, काका.

याच अल्बममधलं ‘ट्रेटर’ एकदा सलग ऐका, अर्धवट सोडू नका. मग वाटेल तितकं झोडपा. ते छापेनही आणि उत्तरही देईन.