हप्त्यावरचा कर गेला, तपासणीचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आणि आमच्या बार्शीच्या नातलगांच्या ग्रुपवर विम्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. कोणाची पॉलिसी किती लाखांची, कॅशलेस कुठे चालतं, कोणाचा क्लेम कसा अडकला. मी एवढंच विचारलं की यातल्या कुठल्या पॉलिसीत बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी येते? विम्याचंच काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने उत्तर दिलं, "गाडीच्या विम्यात कधी ऑइल बदलून मिळतं का? विमा अडीअडचणीला असतो. तपासण्या फुकट केल्या तर लोक उठसूट रक्त तपासायला जातील." खाली पटापट अंगठे उमटले. मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्या अंगठ्यांचा जास्त राग आला.

अरे दादा, ऑइल न बदलल्यामुळे इंजिन बसलं तर गाडीचा विमा त्याचे पैसे देतच नाही. माणसाचं इंजिन बसलं की मात्र आरोग्यविम्यालाच द्यावे लागतात. मग ऑइलचा खर्च आधी उचलण्यात शहाणपण कोणाचं?

इथे न्यू जर्सीत आमच्या विम्यात हा प्रश्न २०१० च्या आरोग्यविम्याच्या कायद्याने (ओबामाकेअर) निकालात काढला. ज्या तपासणीला तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने, म्हणजे पुरावे तपासणाऱ्या समितीने, ए किंवा बी दर्जा (म्हणजे 'करावी' अशी शिफारस) दिला, ती नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरकडे केली तर विमा कंपनीने पूर्ण पैसे भरायचे. को-पे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) नाही, डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी वर्षाला आपल्या खिशातून भरायची रक्कम) भरून होण्याची वाट बघायची नाही. लसींची आणि बायकांच्या तपासण्यांची यादी वेगळी, पण नियम तोच. हप्ता माझ्या पगारातून कापला जातो, तेव्हा मी कोणाचे उपकार घेत नाही.

आणि 'उठसूट'चं म्हणाल तर यादीत वाट्टेल ते नाही. गावाकडे 'फुल बॉडी' पॅकेजच्या जाहिरातीत व्हिटॅमिन डी हमखास असतं. टास्क फोर्सच्या ए-बी यादीत ते नाही, कारण त्रास नसलेल्या माणसाची ती तपासणी करून फायदा होतो याचा पुरेसा पुरावा नाही. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी आहे, २०२१ पासून पंचेचाळिशीपासूनच. माझ्या नवऱ्याने पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, केली. आदल्या रात्री पोट साफ करायचं ते बेचव औषध भांडंभर पीत बसला, सकाळी मी गाडी घेऊन गेले, डॉक्टरांनी दोन पॉलिप, म्हणजे आतड्यातल्या छोट्या गाठी, काढले. महिन्याभराने ईओबी, म्हणजे विमा कंपनीचं हिशोबाचं पत्र, आलं. वर चार आकडी रक्कम, खाली आमच्या वाट्याच्या रकान्यात शून्य. पॉलिप काढले म्हणून तपासणीचं 'उपचार' करून बिल लावायला मनाई आहे, तेही नियमातच आहे. पंधराशे डॉलर आधी भरायला लागले असते तर हा माणूस पन्नाशीपर्यंत पुढे ढकलत राहिला असता, हे मी खात्रीने सांगते.

ग्रुपवर लगेच कोणीतरी अमेरिकेतल्या ॲम्ब्युलन्सच्या भरमसाट बिलांच्या बातम्या टाकल्या. आहेत, खऱ्या आहेत. मीही एकदा वार्षिक तपासणीत गुडघादुखीचा विषय काढला आणि वेगळ्या व्हिजिटचा को-पे भरला. पण मी अमेरिकेची आरोग्यव्यवस्था आयात करा म्हणत नाही. एक नियम घ्या म्हणते.

तोही परका नाही. गर्भाशयमुखासाठी एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी मला इथे पाच वर्षांतून एकदा, एक पैसा न भरता मिळते. या चाचणीने जीव वाचतात याचा मोठा पुरावा कुठून आला? आमच्याच पट्ट्यातून. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्या बायकांनी जगाला शिकवलं आणि त्यांच्याच भावकीत 'तपासणीला विमा कशाला' म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी एकदा तरी झाली होती, त्यांचं प्रमाण देशभरात दोन टक्केसुद्धा नव्हतं.

दादा म्हणतो, आमच्या पॉलिसीत वर्षाला एक चेकअप असतं. असतं, पण कंपनी देईल ते. प्राप्तिकरात तपासणीसाठी ५००० रुपयांची सवलत आहे, तीही जुन्या करप्रणालीत. सरकारी जनआरोग्य योजनेचे पाच लाखही हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच.

हा नियम इथेही दगडावरची रेघ नाही. टेक्सासमधल्या एका कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल देऊन नियम राखला, पण टास्क फोर्सवरचा, म्हणजे त्यातले सदस्य काढण्याचा, आरोग्यमंत्र्यांचा अधिकारही मान्य केला. त्याच महिन्यात मंत्र्यांनी लसींची शिफारस करणाऱ्या समितीतले सगळे १७ सदस्य काढून टाकले होते. त्या दिवसांत मी बातम्या बघत रात्री जागले. या देशात मला मत नाही. विमा नोकरीला बांधलेला, नोकरी एच-वन-बी व्हिसाला, आणि ग्रीनकार्डची रांग हलत नाही. ज्या हक्काचा मी ग्रुपवर इतका अभिमान सांगते, त्यासाठी भांडायला मला इथे उभं राहायची जागा नाही. म्हणून असेल, पण माझं सगळं भांडण बार्शीवाल्यांशीच होतं. तिथे निदान मला कोणीतरी उलट बोलतं.

दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, मी वेगळा फोन केला. नर्गिस दत्त तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ती म्हणाली, "काही होत नसताना पैसे घालून कशाला जायचं? आणि एकटीने? तू इथे असतीस तर गेले असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोबतीचं मी न्यू जर्सीतून काही करू शकत नाही. पैशाचं मात्र करता येतं, आणि ते माझ्या डॉलरने नको, पॉलिसीतूनच व्हायला हवं. दादा, कर काढा म्हणून तुम्ही एजंट लोकांनी निवेदनं दिलीत आणि कर गेला. आता पुढचं निवेदन गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं द्या. मसुदा मी लिहून पाठवते.