साठ किलोचा माणूस आणि वीस किलोचं मूल

पाकिटावर 'फूड ग्रेड' दिसलं की आपण निर्धास्त होतो. त्या शिक्क्यामागे एक हिशोब असतो, आणि तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून मांडलाय हे विचारायचा खाणाऱ्याला पूर्ण हक्क आहे. मी पॅकेजिंगच्या चाचण्यांचं काम करते, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

प्लास्टिकमधली रसायनं थोडीफार अन्नात उतरतातच. ती मोजताना खरं अन्न बहुधा घेत नाहीत, त्याच्याजागी ठरावीक द्रव घेतात. आंबट पदार्थांसाठी ३ टक्के ॲसिटिक ॲसिड, तेलकटासाठी वनस्पती तेल. फिल्मचा मोजून कापलेला तुकडा ॲसिडमध्ये बुडवून ४० अंशांवर १० दिवस ठेवायचा, मग द्रव आटवून बशी तोलायची. तळाशी कधी पांढुरकी कड दिसते, बऱ्याचदा काहीच दिसत नाही, पण तराजूवर मिलिग्रॅमच्या दशांशांत आकडा येतो. युरोपात प्लास्टिकसाठी ही एकूण मर्यादा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे.

पण अन्नात किती उतरलं हे कळलं म्हणून पोटात किती गेलं हे कळत नाही. त्यासाठी कोण किती खातं आणि त्याचं वजन किती, हे धरावं लागतं. युरोपच्या नियमांनी एक माणूस गृहीत धरलाय: वजन ६० किलो, रोज १ किलो अन्न, सगळं त्याच प्लास्टिकमधलं, आणि त्या किलोला ६ चौरस डेसिमीटर प्लास्टिक लागलेलं. १० सेंटिमीटर बाजूचा, लिटरभर मावणारा घन डोळ्यांसमोर आणा, त्याच्या या सहा बाजू. बहुतेक मोठी माणसं इतकं एकाच वेष्टनातलं खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी हा अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेला आहे. हे मान्यच.

आता तोच घन ५ सेंटिमीटरचा करा. आत जेमतेम १२५ मिलिलिटर मावतं, आणि किलोमागे प्लास्टिक होतं १२ चौरस डेसिमीटर. दुप्पट! तरीही युरोपच्या १०/२०११ या नियमात ५०० ग्रॅमपेक्षा लहान पाकिटांचा निकाल ६ च्याच हिशोबाने मांडायची मुभा आहे. बाळांच्या आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अन्नाला ही सूट नाही, हे चांगलंच आहे. पण छोटी पाकिटं सगळ्यात हौसेने फोडतो तो सहा-सात वर्षांचा मुलगा या अपवादात बसत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

वजनाचंही तसंच. ६० किलोला १ किलो अन्न म्हणजे शरीराच्या दर किलोमागे सुमारे १७ ग्रॅम. दुधावरच्या तान्ह्या बाळासाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफ्साने, २०१६ मध्ये हाच आकडा १५० ग्रॅम धरायला सुचवलं. जवळजवळ नऊपट.

अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथली अन्न आणि औषधांची नियामक संस्था, दुसऱ्या वाटेने जातं. रोजचं खाणंपिणं ३ किलो धरायचं आणि त्यातला किती वाटा त्या प्रकारच्या वेष्टनाला लागतो त्याने गुणायचं. हे वास्तवाच्या जास्त जवळचं वाटतं, पण तो वाटा सगळ्या लोकसंख्येचा असतो. रोज एकाच प्रकारच्या डब्यातलं खाणारा त्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

कागदावरचा अंदाज माणसाच्या शरीरात तपासता येतो. अमेरिकेच्या २००३-०४ च्या पाहणीत सहा वर्षांवरच्या सुमारे ९३ टक्के लोकांच्या लघवीत बिस्फेनॉल ए, म्हणजे काही प्रकारचं प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन, सापडलं. हे रसायन शरीरातून बरंचसं काही तासांतच निघून जातं. तरी इतक्या जणांत सापडतं, म्हणजे ते पुन्हा पुन्हा आत जातंय. त्याचं रोज चालेल असं प्रमाण एफ्साने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम ठरवलं होतं, २०२३ मध्ये ते ०.२ नॅनोग्रॅमवर आणलं. २०,००० पट खाली. मर्यादा अशी कोसळते तेव्हा 'साधारण इतकं जात असेल' एवढ्यावर भागत नाही, खरा आकडा लागतो.

आणि तो काढायला माहितीच अपुरी आहे. आहाराच्या पाहण्यांमध्ये काय खाल्लं, किती खाल्लं हे बारकाईने लिहून घेतात. ते कशातून आलं हे क्वचितच विचारतात. अशा पाहण्यांचं काम करणारं कुणी हे वाचत असेल तर कळकळीची विनंती: तक्त्यात दोन रकाने वाढवा, वेष्टन कशाचं आणि पाकीट केवढं. मुलांच्या तक्त्यात तर आधी वाढवा.